इथे दिसते, तिथे दिसत नाही



गेल्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत आमच्या एका सभासदाने सांगितलेला किस्सा. त्याने साताऱ्याला वडिलांना राजकारणावरच्या एका चित्रफितीचा दुवा पाठवला. "काही दिसत नाही रे, नुसता काळा पडदा आहे," असे उत्तर आले. वडील निवृत्त शिक्षक, वय पंचाहत्तरच्या पुढे. मुलाने गृहीत धरले की बाबांचेच काहीतरी चुकले. मग अर्धा तास फोनवर शिकवणी चालली. "बाबा, तुम्ही आधी मागे या. आता वरचं बटण दाबा. नाही, ते नाही!" शेवटी बाबांनी पडद्यावरची बारीक अक्षरे चष्मा पुसून वाचून दाखवली. सरकारी आदेशामुळे हा मजकूर या देशात उपलब्ध नाही, अशा अर्थाचे ते वाक्य होते. त्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे चूक माझी नव्हती तर!"

आम्ही सगळे हसलो, पण नंतर विचारात पडलो. त्या चित्रफितीत काय होते हा मुद्दा नाही. ती योग्य होती की अयोग्य, यावर रांगेतच दोन तट पडले होते! मुद्दा असा, की न्यू जर्सीतल्या मुलाला आणि साताऱ्यातल्या बापाला एकाच पत्त्यावर दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या आणि दोघांनाही त्याची कल्पना नव्हती. अर्धा तास शिकवणी झाली नसती, तर ती कधी आलीही नसती. हे इथवर कसे आले, ते या लेखात पाहू.

आपल्यापैकी जुन्या मंडळींना ११ जुलै २००६ हा दिवस आठवत असेल. मुंबईत संध्याकाळ होती, इथे पूर्व किनाऱ्यावर सकाळ. पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले आणि १८०हून अधिक माणसे गेली. विरार, बोरिवली, मालाड, सगळीकडे आपली माणसे. फोन लागत नव्हते. तेव्हा "मुंबई हेल्प" नावाचा एक ब्लॉग मदतीला धावला. मुंबईतली काही तरुण मंडळी तो चालवत होती. परदेशातल्या नातेवाइकांनी नाव आणि नंबर लिहायचा, तिथल्या कोणीतरी चौकशी करून उत्तर टाकायचे, असा तो साधा कारभार. सरकारी यंत्रणा नाही, संस्था नाही, नुसता माणुसकीचा भाग.

हा ब्लॉग ब्लॉगस्पॉटवर होता. ब्लॉगस्पॉट म्हणजे गुगलने २००३ साली विकत घेतलेली, फुकट जागा देणारी सेवा. मराठीत तेव्हा "जालनिशी", "अनुदिनी" असे शब्द नुकतेच रुळत होते. युनिकोडमुळे वाचणाऱ्याच्या संगणकावर खास फाँट असण्याची गरज संपत चालली होती. बरहासारख्या सॉफ्टवेअरवर टंकलेखन करून लोक पहिल्यांदाच देवनागरीत सर्वांना वाचता येईल असे लिहू लागले होते. ब्लॉगस्पॉट हे या नव्या हौशी लेखकांचे हक्काचे बिऱ्हाड होते.

१३ जुलैला भारताच्या दूरसंचार खात्याने इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना एक यादी पाठवली. तीत साधारण दीड डझन पत्ते होते आणि तेवढे बंद करायचे होते. त्यांत अमेरिकन लोकांनी चालवलेले काही राजकीय ब्लॉगही होते. त्यांचा मुंबईशी संबंध काय, हे कोडेच होते. कंपन्यांनी मात्र सोपा मार्ग धरला. यादीतल्या खोल्यांना कुलूप लावण्याऐवजी पुष्कळ कंपन्यांनी सगळ्या इमारतीचाच दरवाजा बंद केला. भारतात अनेकांना ब्लॉगस्पॉट दिसेनासे झाले आणि त्याबरोबर "मुंबई हेल्प"ही. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, ते हेच.

यात दोन गमती होत्या. पहिली अशी, की लिहिण्याची जागा ब्लॉगर.कॉम या वेगळ्या पत्त्यावर होती आणि ती बंद झाली नव्हती. पुण्यातला माणूस लेख लिहून प्रकाशित करू शकत होता, आणि तो लेख इथे आपण वाचूही शकत होतो. तो स्वतः मात्र वाचू शकत नव्हता! दुसरी गंमत अधिक बोलकी आहे. त्याच वर्षी पाकिस्तानने व्यंगचित्रांच्या वादातून ब्लॉगस्पॉट बंद केले होते. तेव्हा तिथल्या लोकांनी पीकेब्लॉग्ज.कॉम नावाची एक पळवाट तयार केली होती. स्फोटांनंतर दोन्ही देशांत एकमेकांविषयी काय बोलले जात होते ते आपल्याला ठाऊक आहे. त्याच आठवड्यात भारतातले ब्लॉगर पाकिस्तान्यांनी उघडलेल्या खिडकीतून स्वतःचे लेख वाचत होते.

असे पहिल्यांदा घडले होते असेही नाही. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका फुटीर संघटनेशी संबंधित "किनहुन" नावाचा याहू ग्रुप बंद करण्याचा आदेश निघाला. ग्रुप मूठभर सभासदांचा होता. पण कंपन्यांनी सगळे याहू ग्रुप्स बंद केले. त्या काळी मंडळांचे निरोप, वधूवर सूचना, माजी विद्यार्थ्यांच्या गप्पा, सगळे याहू ग्रुपवरच चाले.

पण या दोन्ही बंदींत एक गोष्ट चांगली होती. त्या इतक्या ओबडधोबड होत्या, की सगळ्यांना कळल्या. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, लोक माहितीच्या अधिकाराबद्दल बोलू लागले, खात्याने कंपन्यांना "फक्त यादीतलेच पत्ते बंद करा" असे बजावले आणि ब्लॉगस्पॉट पुन्हा दिसू लागले. चूक मोठी होती म्हणून ती दुरुस्त झाली.

त्यानंतर तंत्र आणि कायदा दोन्ही सुधारले, आणि आमच्या मते खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

आधी तंत्र पाहू. पूर्वी संकेतस्थळावरून येणारा मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा असे. पोस्टमनला, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, संपूर्ण पत्ता आणि मजकूर वाचता येई. आता बहुतेक मजकूर बंद पाकिटातून येतो. पत्त्याच्या सुरुवातीला "एचटीटीपीएस" दिसते, ते त्याचेच चिन्ह. आपला पासवर्ड आणि बँकेचा व्यवहार त्यामुळे सुरक्षित राहतो. पण पोस्टमनला आता फक्त इमारतीचे नाव दिसते, खोलीचा नंबर पाकिटाच्या आत असतो. एखाद्या मोठ्या संकेतस्थळावरचे एकच पान बंद करणे त्याच्या हातात उरले नाही. एक तर सगळी इमारत बंद करायची, नाहीतर इमारतीच्या मालकालाच सांगायचे की अमुक खोली भारतातून येणाऱ्यांना दाखवू नकोस.

मालकांनीही तशी सोय केली. जानेवारी २०१२ मध्ये ट्विटरने जाहीर केले, की एखादा मजकूर एका देशापुरता झाकून इतरत्र तसाच ठेवता येईल. त्याच सुमारास गुगलने भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट.कॉमऐवजी ब्लॉगस्पॉट.इन या पत्त्याकडे वळवायला सुरुवात केली. कारण हेच, की काढायचे ते त्या देशापुरते काढता यावे. पुढे ती पद्धत मागे पडली आणि २०२० साली ब्लॉगस्पॉट.इन हे नावच गुगलच्या हातून निसटले. त्या पत्त्याने दिलेले जुने दुवे एका फटक्यात तुटले. लेख मूळ जागी शाबूत होते, फक्त "इन"च्या जागी "कॉम" लिहायला हवे होते. पण हे किती जणांना सुचले असेल?

आता कायदा. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात ६६अ आणि ६९अ ही दोन कलमे आली. ६६अ सर्वांना आठवते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून एका मुलीला, आणि त्या ओळी आवडल्याचे दाखवले म्हणून तिच्या मैत्रिणीला, पालघरला अटक झाली होती. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ६६अ रद्द केले आणि सर्वत्र आनंद झाला. पण त्याच निकालात कलम ६९अ कायम राहिले, याकडे आपल्यापैकी फार कमी जणांचे लक्ष गेले.

६९अ हे मजकूर बंद करण्याचे कलम. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री अशी ठरावीक कारणे त्यात आहेत, समिती आहे, कारण लेखी देण्याची अट आहे. न्यायालयाने या तरतुदींवर भरवसा ठेवला. मात्र २००९ च्या नियमांतला सोळावा नियम सांगतो, की तक्रारी, मागण्या आणि त्यांवरची कारवाई यांबाबत कडक गुप्तता पाळायची. ज्याचे लेखन झाकले गेले त्यालाच आदेशाची प्रत हाती येत नसेल, तर त्याने न्यायालयात काय घेऊन जायचे? २००६ ची यादी चुकीची होती, पण ती बाहेर आली म्हणून चूक दिसली. आज यादीच दिसत नाही.

चुका थांबलेल्या नाहीत हे डिसेंबर २०१४ मध्ये दिसले. इसिसच्या प्रचाराच्या कारणावरून ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला. त्यांत प्रोग्रॅमर जिथे आपले काम ठेवतात ते गिटहब होते आणि जुनी पाने जपून ठेवणारे इंटरनेट अर्काइव्हही होते. इमारतीच बंद झाल्यामुळे ओरड झाली आणि काही दिवसांत कुलपे निघू लागली. एखाददुसरी खोली झाकली असती तर कोणी ओरडले असते का?

दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख एकांगी होईल. ऑगस्ट २०१२ मध्ये एसएमएस आणि खोट्या छायाचित्रांतून अफवा पसरल्या आणि ईशान्य भारतातली हजारो मुले बंगळूरु, पुणे सोडून गाड्या भरभरून गावी गेली. अशा वेळी सरकारने हातावर हात ठेवून बसावे असे कोणीच म्हणणार नाही. काही मजकूर तातडीने थांबवावा लागतो. आमचे म्हणणे एवढेच, की थांबवला तर तसे सांगा, कारण द्या, आणि ज्याचा थांबवला त्याला बोलू द्या. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच काश्मीरच्या प्रकरणात, इंटरनेट बंद ठेवण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत असे म्हटले आहे. तोच न्याय एका पानाला का नसावा?

उलट वारे दुसऱ्या दिशेने वाहताना दिसतात. मजकूर काढण्याच्या सूचना कंपन्यांना पाठवण्यासाठी केंद्राने "सहयोग" नावाची व्यवस्था सुरू केली. तिला एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, आव्हान दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते फेटाळले.

आणि आपण राहतो तो देश तरी धुतल्या तांदळासारखा आहे का? भारताने जून २०२० मध्ये टिकटॉक बंद केले तेव्हा इथले पुष्कळ जण "तिकडे काय चालले आहे" म्हणून मान हलवत होते. जानेवारी २०२५ मध्ये नव्या कायद्यामुळे अमेरिकेतही टिकटॉक एका रात्रीपुरते का होईना बंद पडले. फरक असा, की कायदा सर्वांसमोर संमत झाला होता आणि न्यायालयात उघड वाद झाला होता. निर्णय आवडो न आवडो, तो काय आहे हे सर्वांना माहीत होते.

मंडळी, यात आपल्यासारख्या परदेशस्थांची जागा वेगळी आहे. साताऱ्यातल्या माणसाला जे दिसत नाही, ते दिसत नाही हे त्याला कळायला मार्ग नाही. आपल्याला सगळे दिसते, म्हणून तिथे काय झाकले आहे हे आपल्यालाही कळत नाही. दोघांनी मिळून पाहिले तरच फरक दिसतो. तेव्हा घरी एखादा दुवा पाठवलात तर "मिळाला का?" एवढेच विचारू नका, "उघडला का?" असेही विचारा. उघडला नसेल तर लगेच बाबांची शिकवणी घेऊ नका! पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगा, पत्ता आणि तारीख टिपून ठेवा. न्यायालयीन वा सरकारी कारणाने अडवलेल्या पानासाठी "४५१" असा एक संकेतांकही आहे. पुस्तके जाळण्यावरच्या रे ब्रॅडबरी यांच्या कादंबरीच्या नावावरून तो घेतला. तो दिसला तर समजा, की चूक आपल्या फोनची नाही.

आणि ज्यांचे स्वतःचे जुने ब्लॉग अजून कुठे पडून आहेत, त्यांनी त्यांची एक प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. परक्याच्या इमारतीतली खोली कधी बंद होईल, आणि कोणाला सांगून होईल, याचा भरवसा नाही.

तुमचे असे अनुभव असतील तर आम्हाला जरूर कळवा. लोभ आहेच, तो वाढावा.

– संपादक मंडळ