पाणी, सावली आणि आडोसा

वऱ्हाडात वैशाखाचे ऊन चढले, पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला आणि भर दुपारी रस्ते ओस पडू लागले, की गर्भवती स्त्रीला घरची वडीलधारी मंडळी, शेजारीण, आशाताई आणि डॉक्टर एकमुखाने बजावतात : पाणी भरपूर पीत जा. उपदेश सर्वथा योग्य आहे. परंतु ज्या घरात, ज्या शेतावर वा ज्या कचेरीत ती दिवस काढते, तेथे तो पाळता येईल अशी तजवीज आहे की नाही, याची चौकशी क्वचितच होते.

अकोल्यास आमच्या जुन्या घरी माझी थोरली बहीण सातव्या महिन्यात माहेरपणाला आली, तेव्हा मे महिना होता. आईने खिडकीला वाळ्याची ताटी बांधून ती सतत ओली ठेवली होती, माठ भरलेला असे, कैरीचे पन्हे आणि ताक उशाशी असे. तरीही अक्का दोन घोट घेऊन पेला खाली ठेवी, आणि दुपार कलताना तिचे डोके ठणकू लागे. चौथ्या दिवशी आईने तिला जवळ घेऊन विचारले, तेव्हा कारण कळले. शौचकूप परसाच्या टोकाला, मधली फरशी पायाला चटके देणारी, आणि ओसरीवर पुरुषांची बैठक. त्या सर्वांच्या देखत घडोघडी उठून जाण्यापेक्षा तहान मारणे तिला सोपे वाटत होते.

या संकोचाची किंमत दोन जीवांना मोजावी लागते. गर्भारपणी स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढते. गर्भ मातेहून सुमारे अर्ध्या अंशाने अधिक उष्ण असतो आणि त्याची उष्णता मुख्यतः वारेतून मातेच्या रक्तात उतरून बाहेर पडते. म्हणजे मातेचे रक्त हेच त्या बालकाचे शीतजल होय. घामावाटे गेलेले पाणी भरून निघाले नाही, तर गर्भाशयाकडे जाणारा रक्तप्रवाह मंदावतो आणि अवेळी कळाही येऊ शकतात. शिवाय लघवी तुंबवून ठेवल्याने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग बळावतो, आणि त्यातूनही प्रसूती अकाली होण्याचे भय असते.

म्हणून घराने करावयाचे ते स्पष्ट आहे. जड कामे सकाळी आटोपावीत, आणि चुलीजवळचे काम दुपारी दुसऱ्या कोणी उचलावे. कपडे सुती व सैल असावेत. कोरड्या विदर्भात मानेवर, दंडांवर ओले फडके ठेवून वारा घेतल्यास अंग लवकर निवते. चाळीस अंशांच्या वर नुसता पंखा कोरड्या त्वचेवर गरम हवाच लोटतो. कोकणच्या दमट हवेत मात्र पाणी शिंपडून विशेष लाभ होत नाही, तेथे वाऱ्याला वाट करून द्यावी. घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, न थांबणारी डोकेदुखी, ताप, कळा, अथवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ किंवा १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घराबाहेरचा प्रश्न याहून बिकट आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीच्या एका महिन्यात, गर्भवतीने मागणी केल्यास, तिला कष्टाचे वा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम सांगण्यास मनाई केली. परंतु वीटभट्टीवरील अथवा परक्याच्या शेतात रोजाने राबणारी बाई अशी मागणी कोणाकडे करणार? २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात कामाच्या जागी पिण्याच्या पाण्याची तरतूद झाली; ते पाणी प्यालेल्या स्त्रीला आडोसा कोठे मिळावा, हे मात्र मुकादमाच्या सुबुद्धीवर राहिले. सरकारी उष्णता आराखड्यांत पाण्याच्या शेजारी आडोशाचे कलम यावे आणि त्याची अंमलबजावणी हजेरीपटाइतक्याच कसोशीने व्हावी, अशी माझी मागणी आहे.

आमच्या घरी हे कलम एका संध्याकाळी अमलात आले. वडिलांनी आपली बैठक समोरच्या खोलीत हलवली, मागील दारापासून शौचकूपापर्यंत बांबू रोवून वर तुराट्यांचा मांडव घातला आणि फरशीवर ओली पोती अंथरली. अक्काला कोणी काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आई उशाजवळ गेली, तेव्हा ताकाचे भांडे रिकामे होते.

— एक वऱ्हाडकर