सायकल अंगाबेताची करून घ्या

ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा पहिल्यांदा भरली. तिच्यात पोहणं आणि धावणं यांच्या मधोमध ९० किलोमीटर सायकल मारायची असते. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. या दोन गोष्टींनंतर आपल्याकडे खाली वळलेल्या हँडलच्या, बारीक टायरच्या रोड बाइक दिसू लागल्या. आता पहाटे मोपाच्या सड्यावर, मांद्रे-हरमलच्या रस्त्याला, मयेच्या तळ्याच्या बाजूला त्या भेटतातच. चांगली गोष्ट आहे. पण यांतल्या कितीतरी सायकली पुण्या-बेंगळुरूहून जुन्या घेतलेल्या, फोटो बघून पसंत केलेल्या असतात. त्या आधीच्या मालकाच्या मापाच्या असतात, आणि नवा मालक त्या तशाच चालवतो. मग मान धरते, हाताला मुंग्या येतात, गुडघा दुखतो, आणि दोन महिन्यांत सायकल भिंतीला टेकते.

दुखणं हा त्यातला लहान भाग. बेताबाहेरच्या सायकलीला ब्रेकही नीट लागत नाही, हे मला सांगायचं आहे. हँडल लांब पडलं की माणूस हात वरच्या आडव्या दांडीवर ठेवतो, आणि ब्रेकचा लिव्हर तिथून वीतभर पुढे असतो. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर सगळा भार तळव्यांवर येतो, बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांनी लिव्हर किती दाबला ते कळत नाही. ब्रेकची तक्रार घेऊन मेकॅनिककडे जाणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आधी सीट आणि हँडल बघावं, असं माझं मत आहे.

आपल्या पोदेराकडे बघा. पावाची टोपली मागे बांधून, भोंपू वाजवत तो वर्षानुवर्षं काळ्या दांडीच्या सायकलवरून फिरतो आणि त्याची पाठ दुखत नाही, असं आपल्याला वाटतं. तो ताठ बसतो, त्याचा सगळा भार स्प्रिंगच्या रुंद सीटवर असतो आणि घाई नसते. रोड बाइकवर शरीर पुढे झुकतं, भार सीट, हात आणि पाय अशा तीन ठिकाणी वाटला जातो. ती वाटणी चुकली की तीन ठिकाणी दुखतं. म्हणून इथे एक-दोन सेंटिमीटरलाही किंमत आहे.

सुरुवात सीटच्या उंचीपासून करा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, दोन पायांत जाडसर पुस्तक सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणा. फ्रान्सचे प्रशिक्षक सिरिल गिमार आणि टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेला ग्रेग लेमाँड यांच्यामुळे हा आकडा जगभर पोचला. माप ८० सेंटिमीटर आलं तर उत्तर ७०.६. पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवा. आकडेमोड नको असेल तर कुणाला तरी सायकल धरायला सांगा, सीटवर बसा आणि पायडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघ्याला हलकासा बाक येतो, तेवढाच हवा. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागच्या लवणीत ओढ बसत असेल, किंवा मागून येणाऱ्याला तुमची कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसत असेल, तर ती वर आहे. एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका आणि दोन-तीन फेऱ्या जाऊ द्या. सीटच्या नळीवर कमाल उंचीची खूण कोरलेली असते, तिच्या वर नळी ओढायची नाही.

सीटचा माथा सपाट हवा. त्यासाठी गवंड्याकडची पाणसळ पुरे. त्याच्याकडचाच ओळंबा घ्या. दोन्ही पायडल आडव्या रेषेत ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडापासून तो सोडा. पायडलच्या आसाच्या आसपास पडला तर सीट पुढे-मागे जवळपास बरोबर आहे. हा काही शास्त्राचा नियम नव्हे, सुरुवात करायची जागा आहे.

सीट टोचते म्हणून सगळ्यात जाड, गुबगुबीत सीट आणू नका. आपण दोन बैठकीच्या हाडांवर बसतो. ती हाडं सीटवर टेकली पाहिजेत, मऊ गादीत रुतून त्यांच्यामधला नाजूक भाग दाबला जाता कामा नये. बायकांच्या या हाडांमधलं अंतर सहसा जास्त असतं, त्यामुळे पुरुषाच्या सायकलवरची अरुंद सीट त्यांना छळते. दुकानदार ‘सवय होईल’ म्हणाला तरी रुंद सीट मागून घ्या. पॅडची चड्डी घालणार असाल तर आत दुसरं काही घालायचं नाही, शिवण घासते.

आता हात. लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं असावं आणि खांदे कानाशी चढलेले नसावेत. ताणून पकडावं लागत असेल तर हँडलला धरून ठेवणारा जो आखूड दांडा असतो, त्याला स्टेम म्हणतात, तो आणखी आखूड मिळतो. बहुतेक स्टेम उलटे करून लावले की हँडल थोडं वरही येतं. पोट सुटलेल्या चाळिशीतल्या माणसाने स्पर्धेतल्या पोरांसारखं खाली वाकायची गरज नाही, कुणी शर्यत लावलेली नाही. आणि एक छोटा स्क्रू आहे, ज्याची फार थोड्यांना माहिती असते: रोड बाइकच्या बऱ्याच लिव्हरना अंतर कमी-जास्त करायची सोय असते. बोटं आखूड असतील तर लिव्हर हँडलच्या जवळ आणून घ्या. मात्र स्टेम आणि हँडलचे बोल्ट टॉर्कच्या पान्यानेच आवळायला लावा. त्यांच्यावर सहसा चार ते सहा न्यूटन-मीटर असा आकडा छापलेला असतो. कार्बनच्या भागावर अंदाजाने जोर लावला तर तो तडकतो.

ब्रेकचं म्हणाल तर आपला मुलूख त्यांचा वैरीच आहे. मोरजी, हरमल, केरीकडे खारा वारा वायरला आतून गंज चढवतो. डिचोली, शिरगाव, पाळी-वेळगे पट्ट्यात लाल धूळ आहेच. मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ती जरा बसली होती, आता डिचोलीत पुन्हा खनिजाचे ट्रक फिरतात. त्यावर वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस. ही धूळ ओली झाली की ब्रेकच्या रबरात कण रुततात आणि रबर रिमला कानशीसारखं घासत राहतं. ब्रेक दाबल्यावर करकर ऐकू आली तर घरी येऊन रबर काढा, टोकदार सुईने चकाकणारे कण उपसा आणि रिम ओल्या फडक्याने पुसा. रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तर नवे रबर घ्या. रिमवरही झिजेची खूण असते, बारीक खळगा किंवा रेघ. ती दिसेनाशी झाली तर रिम संपली. अशी रिम हवेच्या दाबाने फाटू शकते, म्हणून तिथे काटकसर नको.

रबर रिमलाच टेकलं पाहिजे. वर सरकून टायरला लागलं तर टायर कापलं जातं, खाली गेलं तर आऱ्यांत अडकायची भीती. लिव्हर पूर्ण दाबल्यावर तो हँडलला टेकत असेल तर ब्रेकवरचा बोटांनी फिरणारा स्क्रू उलगडून वायर ताणून घ्या. तरीही जड चालत असेल तर वायर आणि तिचं बाहेरचं कव्हर दोन्ही बदला. किनारपट्टीवर हे दर पावसाळ्यानंतर करावं, खर्च फार नाही.

डिस्क ब्रेक असेल तर ओल्या रस्त्यात तुमचं निभावतं, पण त्याचं सोवळं-ओवळं वेगळं. चकतीला तेलाचं बोट लागता कामा नये. चेनला फवाऱ्याने तेल मारणाऱ्यांच्या चकतीवर ते उडतं आणि मग ब्रेक ओरडतो, पण थांबत नाही. तेलाचे ब्रेक असतील तर चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. त्यात कोणतं तेल जातं तेही विचारा. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, काही कंपन्यांना डॉट फ्लुइड. एकात दुसरं घातलं तर आतले रबरी सील खराब होतात. नवे पॅड बसवले की रिकाम्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक न अडवता, वीसेक वेळा वेग उतरवा. त्याशिवाय ते पकड घेत नाहीत.

पुढचा ब्रेक दाबला की डोक्यावर पडतो, ही समजूत लहानपणापासून आपल्या डोक्यात आहे. थांबताना भार पुढच्या चाकावर जातो, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर खरं थांबवतो तो पुढचाच. नुसता मागचा दाबलात तर चाक घसरत जातं आणि थांबायला कितीतरी जास्त रस्ता लागतो. बूड मागे सरकवा, हात ताठ टेकवा आणि पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत तो उजव्या हाताला असतो, बाहेरून आलेल्यांत उलटाही असतो, तेव्हा आधी बघून घ्या. चिखलावर, खडीवर आणि केरी-तेरेखोल फेरीच्या शेवाळलेल्या धक्क्यावर मात्र पुढचा जपून, किंवा सरळ उतरून चला.

साखळीहून चोर्ल्याला चढलेला माणूस खाली येताना हेच विसरतो. उतारभर ब्रेक धरून ठेवला तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, एकदा जोरात वेग उतरवा, वळणात ब्रेक सोडा. रिमचे ब्रेक पावसात पहिल्यांदा नुसतं पाणी पुसतात आणि मगच पकडतात, म्हणून मालपेच्या उतारावर दाबायची वेळ येण्याआधीच एक-दोनदा हलके टेकवून घ्या. टायरमध्ये दगडासारखी हवा भरणंही सोडा. २८ मिलिमीटरच्या टायरला सत्तर किलोच्या माणसासाठी साधारण ७० पीएसआय पुरतात. खड्ड्यांचे हादरे कमी बसतात आणि टायर रस्ता धरतो.

शेवटी मुलांचं. आपण त्यांना कपड्यांसारखी वाढत्या अंगाची सायकल घेतो. आज संध्याकाळी मुलाला सीटवर बसवा आणि लिव्हर दाबायला सांगा. दोन बोटांची पेरं लिव्हरवर पुरतात का आणि चाक थांबतं का, ते स्वतः बघा. नसेल तर स्क्रू फिरवून लिव्हर जवळ आणा. तरीही बोटं पोचत नसतील तर ती सायकल दोन वर्षं माळ्यावर ठेवा आणि तोवर मुलाला लहानच चालवू द्या.