ओवाळून झाल्यावर गाय चरणार कोठे?

वसुबारसेला आपण गाईवासराला ओवाळतो, पाडव्याला आमच्या वऱ्हाडात गायगोधन निघते. त्याला कोणाची ना नाही. पण दुसऱ्या दिवशी तीच गाय चरायला कोठे जाते, हे शहरातला सुशिक्षित माणूस कधी विचारीत नाही.

तिच्यासाठी आमच्याकडे गावोगाव ‘ई-क्लास’ जमीन राखलेली आहे. कागदावर ती पडीत. आणि पडीत म्हटले की खाती, पुढारी व वृक्षप्रेमी मंडळी यांचे हात शिवशिवू लागतात. २०१६ साली राज्यात २ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याचे संकल्प सुटले. माझे झाडांशी वैर नाही. शाळेच्या आवारातले लिंब मीच पोरांकडून लावून घेतले. माझे भांडण आहे ते गवताच्या छातीत खड्डे खणून दाटीने रोपे खोवण्याशी.

कुसळी, मारवेल ही उन्हाची लेकरे. डोक्यावर पानांचे छप्पर दाटले की ती जातात. उलट हिवर, बाभूळ, बोर यांची विरळ झाडे कुरणात हवीतच. त्यांच्या सावलीला ढोर रवंथ करते. चैत्र-वैशाखात गवत करपले की शेळी बाभळीच्या शेंगांवर निभावते, आणि तिच्या लेंडीतून पडलेले बी पुन्हा रुजते. इंग्रजांनीसुद्धा वऱ्हाडातल्या सरकारी जंगलाचे तीन वर्ग केले होते: लाकडाचा, गवताच्या रमण्यांचा आणि चराईचा. महसुलावर डोळा असेल, पण गवताला पंक्तीत पान होते! आज कारंजा-सोहोळला काळविटांच्या गवताळ रानाचे अभयारण्य होते, आणि गाईच्या वाट्याचे तसलेच रान ओसाड ठरते.

पण गावकऱ्यांचीही मी गय करणार नाही. पहिल्या पावसाचे कोवळे तृण आपण गुरांकडून खुडून घेतो. मुळाला जोर धरायला सवडच नाही. बाभळीचे रोप दोन पाने काढते न काढते तोच शेळीच्या तोंडी जाते, मग म्हातारी बाभूळ कोसळली की मागे वारस नाही. कित्येकांनी तर कुरणातच तूर-कपाशी पेरली आहे, आणि तेच गोरक्षणावर घसा कोरडा करतात.

रानाचे तीन तुकडे पाडा. एक पावसाळाभर बंद ठेवा, दिवाळीनंतर तेथले गवत विळ्याने कापून न्या. त्यात आपोआप उगवलेली मोजकी हिवर-बाभळीची रोपे निवडून काट्यांनी वेढा; शेळीचे तोंड पोचेनासे होईपर्यंत वेढा काढू नका. पुढल्या वर्षी पाळी बदला. किती झाडे राखायची, हे ढोरक्याला विचारा; उन्हातान्हात त्याचा जन्म त्याच रानात गेला आहे. येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदन द्यायला अजून कोणी पुढे आलेले नाही.