बारगीर

मराठी फौजेत घोडेस्वार दोन प्रकारचे असत. स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन जो चाकरीला येई तो शिलेदार. आणि ज्याला बसायला सरकारी पागेतला घोडा मिळे तो बारगीर. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची सारी पुंजीच पडली. बारगिराच्या मांडीखालचा घोडा मात्र दुसऱ्याचा. लढाई त्याची, जखम त्याची, पण घोडा परत पागेत बांधायचा!

आपण मध्यमवर्गीय माणसे आयुष्याचा निम्माशिम्मा भाग बारगिरीतच काढतो. वाचनालयाचे पुस्तक वाचतो, शेजाऱ्यांची शिडी आणतो, लग्नाला जाताना मावसभावाची बॅग नेतो. या व्यवहाराला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे : हातउसने. कागद नाही, व्याज नाही, साक्षीदार नाही. या हाताने घेतले, त्या हाताने दिले. पण त्याचेही कायदे आपल्या आया-आज्यांनी घालून दिलेले आहेत. वाटीभर साखर आणली, तर परत देताना वाटी शिगोशीग भरायची. शेजारच्या घरून डबा आला, तर तो रिकामा परत पाठवायचा नाही; काही नसले तर निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालायची.

साखरेच्या वाटीपर्यंत हे सोपे असते. मित्राची मोटारसायकल हातउसनी घेतली, म्हणजे मग कळते की वाटी केवढी मोठी आहे.

भाईंदर पश्चिमेला आमचा एक जुना स्नेही राहतो. त्याच्याकडे एक बुलेट आहे. ती त्याच्या वडिलांची. बुलेटचे घराणे मूळचे विलायतेतले. १९५५ साली एन्फिल्ड इंडिया ही कंपनी मद्रासला निघाली आणि तेव्हापासून ती इथलीच झाली. पोलिसांनी आणि फौजेने तिला जवळ केले, आणि तिच्या त्या धडधडीला आपल्याकडे एक वजन आले. पुढे म्हैसूरहून जावा आल्या, राजदूत आल्या, १९८५ साली शंभर सी.सी.ची हिरो होंडा आली आणि थोडक्या पेट्रोलात नोकरदार माणूस कचेरीला जाऊ लागला. तरी बुलेटचा मान काही कोणी घेतला नाही. स्नेह्याचे वडील गेले, पण दर रविवारी सकाळी ती पुसण्याचा त्यांचा नेम मुलाने चालू ठेवला आहे. अशी गाडी त्याने एका शनिवारी आपण होऊन माझ्या हाती दिली. म्हणाला, “उद्या पहाटे ने. उत्तनपर्यंत जाऊन ये. एकदा बसल्याशिवाय तुला कळायचं नाही.”

परवान्याची अडचण नव्हती. तरुणपणी वडिलांच्या बजाज चेतकवर परीक्षा देऊन मी गियरच्या दुचाकीचा परवाना मिळवला होता. कायदा गियरची आणि बिनगियरची, एवढाच भेद मानतो. चेतकचा गियर डाव्या मुठीत फिरवायचा आणि बुलेटचा पायाने टाकायचा, याचे त्याला सोयरसुतक नाही. म्हणजे कायद्याने मी आधीपासूनच बुलेटस्वार होतो; फक्त माझ्या हातापायांना ते कोणी कळवले नव्हते!

म्हणून स्नेह्याने संध्याकाळी शिकवणी घेतली. जुन्या बुलेटचे सगळेच उफराटे. हल्लीच्या मोटारसायकलींना गियर डाव्या पायाशी आणि ब्रेक उजव्या पायाशी असतो. हिचा गियर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. पहिला गियर वर, बाकीचे तीन खाली. शिवाय टाचेखाली एक लहानसा दांडा, तो दाबला की गाडी वरच्या गियरमधून थेट न्यूट्रलमध्ये येते. आणि किक? ती तर पूजाच आहे. आधी डाव्या मुठीजवळचा छोटा खटका दाबून इंजिनातली हवा मोकळी करायची, टाकीपुढच्या चकतीतला काटा मध्यावर येईपर्यंत किक अलगद सरकवायची, खटका सोडायचा, किक पुन्हा वर घ्यायची आणि मग एकच, पण पूर्ण वजनाची लाथ. अर्धवट मारली तर ती उलटते आणि नडगीवर पावती देते. “घाई करायची नाही,” स्नेही म्हणाला. “बाबा म्हणायचे, आधी तिचं ऐकून घ्यायचं, मग आपलं सांगायचं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने किल्लीबरोबर एक प्लॅस्टिकचे पाकीट दिले. त्यात नोंदणीचे पुस्तक, विम्याचा कागद आणि धुराची तपासणी केल्याचा दाखला. शिरस्त्राण मी माझे नेले होते. घोडा उसना चालतो, शिरस्त्राण चालत नाही. दुसऱ्याच्या डोक्याच्या मापाचे आपल्या डोक्यावर बसत नाही आणि ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

ज्यांनी मीरा-भाईंदर फक्त लोकलच्या खिडकीतून पाहिले आहे, त्यांना या गावाला दुसरी बाजू आहे हे खरे वाटायचे नाही. १९८५ साली इथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका, आणि मधल्या काळात इमारतीला इमारत चिकटली. पण स्टेशनावरून पश्चिमेला निघावे, मुर्धे, राई, मोर्वे ही गावे ओलांडावी, की शहर अंगावरून गळून पडते. कडेला मिठागरे, खाडीचा खारा वास, मग डोंगरीची झाडी, आणि उत्तनला पोहोचलात की बांबूंच्या मांडवांवर ओळीने वाळत घातलेले बोंबील. खाली होड्या, वर चर्चची शिखरे. पहाटे या रस्त्यावर दुधवाले आणि कोळणींचे टेम्पो सोडले तर फारसे कोणी नसते.

लोक म्हणतात, मोटारसायकलवर माणसाला मोकळे वाटते. वाटत असेल, शिलेदाराला वाटत असेल. मला पहिली दोन मैल निराळेच वाटत होते. दीडशे किलोंहून जड असे ते धूड माझ्याखाली शांतपणे धडधडत होते आणि मी रस्ता पाहत होतो तो स्नेह्याच्या डोळ्यांनी. खड्डा दिसला की आधी तिची रिम आठवे, मग माझी कंबर. कुत्रे आडवे येण्याच्या बेतात दिसले की त्याच्या वडिलांचा फोटो आठवे. माझ्या मालकीच्या कोणत्याही वस्तूची इतकी काळजी मी आजवर घेतलेली नाही.

मोर्व्याच्या पुढे कधीतरी पाय सरावले. गियर आपोआप पडू लागला. उंचवट्यावर ती जराही कुरकुर न करता चढली, आणि एखाद्या थोराघरच्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर फिरायला निघाल्यासारखे वाटू लागले. घाई नाही, पण दम भरपूर. चौकला धारावीच्या किल्ल्यापाशी मी ती उभी केली. १७३९ साली, वसईच्या मोहिमेत, चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून हे ठाणे घेतले. त्या फौजेतही शिलेदार आणि बारगीर दोन्ही असणार. कोणीतरी एक बारगीर इथेच कुठेतरी उतरून, आधी घोड्याचे पाय चाचपून मग स्वतः पाणी प्यायला असेल, अशी माझी खात्री आहे. कारण मीही तेच केले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि मगच थर्मासमधला चहा ओतला.

तेवढ्या वेळात स्नेह्याचा एकही फोन आला नाही. परतताना पंपावर टाकी काठोकाठ भरली. वाटी शिगोशीग भरण्याचाच तो प्रकार. घरी पोहोचलो तर स्वारी वर्तमानपत्र वाचत बसलेली. गाडीकडे त्याने पाहिलेदेखील नाही. “चहा घेणार?” एवढेच विचारले. तो आत गेला तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, “भावजी, पहाटेपासून गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. तुमच्या गाडीचा आवाज आला तेव्हा पेपर उघडून बसले!”

मला वाटते, उसने देणाऱ्याची सारी थोरवी त्या न केलेल्या फोनात होती.

पण वाचकहो, एवढ्यावर थांबून चालणार नाही. ते पाकीट हातात आले म्हणून मी नंतर विम्याचा कायदा वाचायला घेतला, आणि जे वाचले ते प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे. आपल्याकडे सक्तीचा असतो तो तिऱ्हाईताचा विमा. गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली तर तो भरपाई देतो. गाडीचा मालक हा त्या करारात तिऱ्हाईत नव्हे. आणि जो गाडी मागून नेतो तो कोण? सर्वोच्च न्यायालयापुढे २००९ साली हा प्रश्न आला. कर्नाटकातला एक गृहस्थ मागून घेतलेल्या मोटारसायकलवरून जात असता पुढची बैलगाडी अचानक थांबली आणि अपघातात तो दगावला. दोष कोणाचा हे न पाहता मिळणारी जी भरपाई त्या वेळच्या कायद्यात होती, ती त्याच्या घरच्यांनी त्या मोटारसायकलीच्या विम्याकडे मागितली. न्यायालय म्हणाले, ज्याने गाडी मागून घेतली तो मालकाच्याच जागी उभा राहिला. त्या कलमाखाली त्याला तिऱ्हाईताची भरपाई नाही. २०२० साली अशाच दुसऱ्या खटल्यात हेच तत्त्व पुन्हा सांगितले गेले. तिथे मालकाच्या विमापत्रात त्याच्या स्वतःच्या अपघाताची जी तरतूद होती, तेवढेच एक लाख रुपये मृताच्या घरी पोहोचले. चूक दुसऱ्या गाडीवाल्याची असेल तर त्याच्याकडून आणि त्याच्या विम्याकडून भरपाई मागता येते, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे आजी वाटीबद्दल जे सांगत असे तेच न्यायाधीश गाडीबद्दल सांगतात : घेतलीस ना, मग आता ती तुझीच समज. फरक एवढाच की आजीच्या कायद्यात फार तर साखर सांडते. इथे मागे राहिलेल्या बायकापोरांच्या ताटाचा प्रश्न असतो. म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर बसणाऱ्याने स्वतःच्या नावाचा अपघात विमा आधी काढून ठेवावा. त्याला फार पैसे पडत नाहीत.

देणाऱ्याच्या डोक्यावरही ओझे आहेच. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अठराच्या आतल्या मुलाने नेली आणि त्याच्या हातून गुन्हा घडला, तर पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, वर गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

आता दिवाळी आली. भाऊबीजेला भाचे, पुतणे जमतील. फराळ झाला की त्यांतल्या एखाद्याची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे जाईल, आणि “मामा, कोपऱ्यापर्यंत एकच फेरी!” हे शब्द ऐकू येतील. मुलगा मोठा असला, परवाना दाखवत असला, तर किल्ली हसून द्या, कागदांचे पाकीट सोबत द्या, आणि फोन करू नका; गॅलरीत उभे राहायला हरकत नाही. पण पोर सोळा वर्षांचे असले तर किल्ली खिशात घाला आणि त्याच्या ताटात आणखी दोन चकल्या वाढा. दोन दिवस रुसेल. रुसू द्या.