आयते घर, आयते भाडे

गेल्या वळवाच्या दिवसांतली गोष्ट. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या परिचयाचे एक गृहस्थ पत्नीसह आमच्याकडे आले. आखातात 25 वर्षे चाकरी करून ते बेळगावास कायमचे परतले आहेत. वय 61, मुलगी लग्नाची, आणि आयुष्यभराची पुंजी म्हणजे बँकेत पडलेले 45 लाख रुपये.

"फादर, गोव्यात एक फ्लॅट मिळतो आहे," ते म्हणाले. "बांधकामाची दगदग नाही. रंगरंगोटी झालेली, सामानसुमान लावलेले, आत भाडेकरूही बसलेला. देखरेख करणारी मंडळी भाडे गोळा करून दरमहा 12 हजार आपल्या खात्यात भरणार. किंमत 40 लाख. आपले काय मत?"

बाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मागे 5 लाखच उरतात, फादर. दुखणेखुपणे आले तर फ्लॅटची एक खोली तोडून विकता येणार आहे का?"

हा प्रश्न ह्या एकाच कुटुंबाचा नव्हे. निवृत्तीची किंवा परदेशातील कमाईची रक्कम हाती आली की असे आयते, भाडेकरूसहित घर घेण्याचा मोह अनेकांस पडतो. म्हणून त्या दिवशी जो हिशेब आम्ही मांडला, तो वाचकांपुढेही ठेवीत आहो.

प्रथम ह्या व्यवहाराची जमेची बाजू पाहू. ती लहान नाही. अर्धवट इमारतीत पैसे गुंतवून वर्षानुवर्षे ताब्याची वाट पाहणारी माणसे आपण पाहिली आहेत. येथे वस्तू डोळ्यांसमोर उभी असते. इमारत पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यानंतर झालेल्या विक्रीवर जीएसटी लागत नाही. चालू बांधकामातील साधारण फ्लॅटवर मात्र 2019 सालापासून 5 टक्के कर लागू झाला. भाडे पहिल्या महिन्यापासून सुरू होते. प्राप्तिकर आकारताना, घरपट्टी वजा जाऊन उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सूट मिळते, मग प्रत्यक्ष दुरुस्तीस काहीही खर्च येवो. शिवाय भाडे काळाबरोबर वाढते आणि घराची किंमतही वाढण्याचा संभव असतो.

आता खर्चाची बाजू. दरमहा 12 हजार म्हणजे वर्षाचे 1,44,000. त्यातून सोसायटीची वर्गणी 18,000, घरपट्टी 4,000, किरकोळ दुरुस्ती 10,000, देखरेख करणाऱ्यांचे एक महिन्याचे भाडे 12,000, आणि वर्षातून एखादा महिना घर रिकामे राहिले तर आणखी 12,000 असे धरले, तर 56,000 वजा जातात. उरले 88,000, म्हणजे 40 लाखांवर शेकडा 2.2. मुद्रांक व नोंदणीचा खर्च ह्यात धरलेलाच नाही. ह्याउलट साठी उलटलेल्यांसाठी पोस्टात व बँकांत जी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तिचा व्याजदर 2025 साली 8.2 टक्के होता आणि तीत 30 लाखांपर्यंत रक्कम ठेवता येत होती. म्हणजे 30 लाखांवर वर्षाचे 2,46,000 व्याज. ते व्याज करपात्र असते आणि मुद्दल वाढत नाही, हे खरे. पण दर तिमाहीस हाती येणारे ते पैसे कोणाच्या छपरावर अवलंबून नसतात. अडचणीच्या वेळी काही रक्कम कापून का होईना, ठेव मोडता येते. घर मोडता येत नाही.

ह्याहून नाजूक गोष्ट निराळीच आहे. आयते घर घेणारा एकाच वेळी दोन वस्तू घेत असतो: भिंती आणि करार. भिंती पाहण्यास तो मेस्त्री नेतो; करार मात्र विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर घेतो. वास्तविक 1882 सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नवा मालक हा जुन्या मालकाच्या जागी उभा राहतो. भाडेकरूला दिलेली मुदत त्यालाही पाळावी लागते. भाडेकरूने ठेवलेली अनामत रक्कम विकणाऱ्याकडून लिखापढीने आपल्याकडे वळती करून घेतली नाही, तर घर सोडताना भाडेकरू ती आपल्याकडेच मागणार. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा असेल तर तो नोंदलेला हवा. तोच फ्लॅट पुढे पर्यटकांस देण्याचा विचार असेल, तर गोव्यात 1982 सालच्या कायद्यान्वये पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. विकणारा विवाहित गोंयकार असल्यास तेथील दिवाणी कायद्यामुळे त्याच्या जोडीदाराचीही सही लागते, हे बेळगावकरांच्या सहसा ध्यानात येत नाही. इमारत नवी असेल तर बांधकामातील मूळ दोषांबद्दल ताबा दिल्यापासून 5 वर्षेपर्यंत बांधणाऱ्यास 2016 सालच्या रेरा कायद्याने जबाबदार धरता येते. जुन्या इमारतीस नुसता नवा रंग दिलेला असेल, तर हा आधार राहत नाही.

आम्ही त्या गृहस्थांस इतकेच सुचविले, की सही करण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्या. एक, ऐन आषाढात घर पाहावे. दुसरी, मध्यस्थास बरोबर न घेता भाडेकरूची भेट घ्यावी आणि त्याच्याकडील मागील 12 महिन्यांच्या पावत्या पाहाव्या.

पतिपत्नी दोघेही भर पावसात चोर्ला घाट उतरून गेली. दार एका तरुण आईने उघडले. तिने त्यांना चहा दिला, पश्चिमेकडच्या भिंतीची ओल दाखवली, आणि दोन पावसाळे सांगूनही कोणी फिरकले नाही, असे सांगितले. तिच्या पावत्या मात्र नीट लावून ठेवलेल्या होत्या. दरमहा 10 हजार. उरलेले 2 हजार विकणारी मंडळी पहिले वर्षभर आपल्या पदरचे घालणार होती, म्हणजे खरे पाहता घेणाऱ्याने मोजलेल्या किमतीतूनच. 10 हजारांनी वरचा हिशेब पुन्हा मांडला तर वर्षाकाठी 68,000 उरतात, म्हणजे शेकडा 1.7.

परत आल्यावर गृहस्थ आम्हांस म्हणाले, "फादर, कागदावर 'भाडेकरू बसलेला आहे' असे वाचले तेव्हा मला तो फर्निचरसारखाच वाटला होता. त्या पोरीच्या कडेवर मूल होते. घर घेतले असते तर ती ओल माझी झाली असती."

त्यांनी खऱ्या भाड्यावर किंमत ठरवू असा निरोप पाठविला. विकणाऱ्यास तो मानवला नाही आणि व्यवहार तेथेच थांबला. 30 लाख ठेवीत गेले. बाकीची रक्कम मुलीच्या लग्नासाठी व आजारपणासाठी हाताशी राहिली. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला आम्ही पाहिला.

ह्यावरून आयते घर कोणीच घेऊ नये, असा अर्थ कोणी काढू नये. ज्याचे वय अजून कमावण्याचे आहे, ज्याची सारी पुंजी एकाच वस्तूत अडकत नाही, ज्यास महिन्यातून एकदा तरी त्या दारी जाणे शक्य आहे, आणि ज्याला कमी उत्पन्नावर काही वर्षे धीर धरता येतो, त्याने असे घर अवश्य घ्यावे. ते त्याच्या मुलाबाळांच्याही उपयोगी पडेल. मात्र देखरेख दुसऱ्यावर सोपविली तरी जबाबदारी सोपविता येत नाही, हे त्याने जाणून असावे. गळके छप्पर पाहून भाडेकरू ज्याचे नाव घेतो, तो घरमालकच असतो.