विश्लेषण : मैत्रीपूर्ण सामन्यातला विजय किती खरा?

मोठी स्पर्धा तोंडावर आली, की राष्ट्रीय संघांचे मैत्रीपूर्ण सामने सुरू होतात. चाहते ते रात्र जागून पाहतात आणि सकाळी निकालावरून भाकितेही करतात. पण हे निकाल बरेचदा फसवे असतात. भारतीय फुटबॉलच्या चाहत्यांनी तर ही फसवणूक फार जवळून पाहिली आहे.

ताजे दाखले काय सांगतात?

१६ नोव्हेंबर २०२२ रोजी अबुधाबीत अर्जेंटिनाने संयुक्त अरब अमिरातीला ५-० असे लोळवले. कोल्हापूरच्या पेठांमध्ये मेसीचे फलक लावणाऱ्यांना आणखी काय हवे होते? सहाच दिवसांनी विश्वचषकाच्या सलामीला तोच संघ सौदी अरेबियाकडून १-२ असा हरला. आणि १८ डिसेंबरला त्याच संघाने विश्वचषक उंचावला. म्हणजे पाच गोलांनी सलामीचा अंदाज दिला नाही, आणि सलामीच्या पराभवाने शेवटाचा.

इंग्लंडचेही तेच. ७ जून २०२४ रोजी वेम्बली मैदानावर आइसलँडने त्यांना १-० असे हरवले. इंग्लिश वृत्तपत्रांनी संघाची सालटी काढली. पुढे हाच संघ युरो स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. उलट जर्मनी २०१८च्या विश्वचषकापूर्वी ऑस्ट्रियाकडून हरला आणि रशियात खरोखरच गटात गारद झाला. पराभव कधी इशारा असतो, कधी नसतो. नुसत्या धावफलकावरून ते कळत नाही.

प्रशिक्षकांना या सामन्यांतून काय हवे असते?

निकाल हवा असतो, पण सर्वात आधी नाही. कोणता बचावपटू कोणासोबत जुळतो, दुखापतीतून परतलेला खेळाडू किती मिनिटे धावू शकतो, हे तपासायचे असते. फेब्रुवारी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडने मध्यंतराला अकराच्या अकरा खेळाडू बदलले आणि सामना १-३ असा गमावला. अशा प्रकारांमुळे सामन्याला काही अर्थच उरत नाही, अशी ओरड झाली आणि २००४ मध्ये राष्ट्रीय संघांच्या मैत्रीपूर्ण सामन्यांत बदली खेळाडूंवर सहाची मर्यादा आली.

धोका मात्र खरा असतो. २०१४च्या विश्वचषकाआधी आर्मेनियाविरुद्ध ६-१ने जिंकताना जर्मनीने मार्को रॉइसला दुखापतीमुळे गमावले. जर्मनी जगज्जेता झाला, रॉइस घरी बसला. क्लब आपले खेळाडू अशा सामन्यांना नाखुशीने सोडतात ते यामुळेच.

क्रमवारीचे गणित काय आहे?

इथेच खरी मेख आहे. ऑगस्ट २०१८पासून ‘फिफा’ने क्रमवारीची पद्धत बदलली. प्रत्येक सामन्याला वजन असते. ठरवून दिलेल्या आंतरराष्ट्रीय कालावधीतल्या मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन १०, त्याबाहेरच्या सामन्याचे ५, विश्वचषक पात्रता सामन्याचे २५. दोन संघांच्या गुणांतल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढला जातो आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून किती चांगला किंवा वाईट, त्यावर गुण वाढतात किंवा घटतात.

समजा, आपल्यापेक्षा ३०० गुणांनी वरचढ संघाशी आपण त्या ठरलेल्या कालावधीत खेळलो. हरलो तर सुमारे अडीच गुण जातात. बरोबरी केली तर तेवढेच मिळतात. जिंकलो तर साडेसात! आता ३०० गुणांनी कमकुवत संघ घेऊ. जिंकलो तर जेमतेम अडीच गुण, बरोबरी झाली तर तेवढेच खिशातून गेले. म्हणजे ‘बलाढ्य संघाशी खेळलो तर क्रमवारी घसरेल’ ही भीती बरीचशी जुन्या पद्धतीतून उरलेली आहे. या सूत्रात एक पळवाट मात्र आहे. सामना घरी झाला की परक्या मैदानावर, याचा त्यात विचारच नाही. घरच्या प्रेक्षकांपुढे, ओळखीच्या हवेत मिळवलेल्या विजयाला तेवढाच भाव मिळतो.

भारताने काय केले?

दोन आशियाई चषक स्पर्धांची तयारी शेजारी ठेवून पाहा.

२०१९च्या स्पर्धेआधी, जून २०१८ मध्ये, मुंबईत अंधेरीच्या मैदानावर चार देशांची इंटरकॉन्टिनेन्टल चषक स्पर्धा झाली. चायनीज तैपेईविरुद्धचा ५-० विजय पाहायला फक्त २५६९ प्रेक्षक होते. सुनील छेत्रीने चित्रफितीतून हात जोडून ‘मैदानात या’ अशी विनंती केली आणि केनियाविरुद्धचा पुढचा सामना, जो त्याचा शंभरावा होता, भर पावसात तुडुंब गर्दीत झाला. भारताने स्पर्धाही जिंकली. सगळ्यांच्या लक्षात राहिले ते हेच. पण माझ्या मते त्या वर्षातले कामाचे सामने नंतरचे होते, आणि ते फारसे कोणी पाहिले नाहीत. ऑक्टोबरमध्ये चीनमधल्या सुझोऊला संदेश झिंगनच्या नेतृत्वाखाली मिळवलेली ०-० बरोबरी. नोव्हेंबरमध्ये अम्मानला जॉर्डनविरुद्ध १-२ असा पराभव. त्या प्रवासात काही खेळाडू कुवेतच्या विमानतळावर अडकून पडले होते आणि जॉर्डनच्या गोलरक्षकाने आपल्या गोलसमोरून मारलेला लांब चेंडू थेट आपल्या जाळ्यात गेला होता. डिसेंबरअखेर अबुधाबीत ओमानशी पुन्हा ०-०, तीही बंद दाराआड. तीन सामने, एकही विजय नाही. जानेवारीत याच संघाने थायलंडला ४-१ असे हरवले. आशियाई चषकात भारताचा ५५ वर्षांतला तो पहिला विजय होता. बाद फेरी हुकली ती बहारीनविरुद्ध भरपाई वेळेत दिलेल्या एका पेनल्टीमुळे.

आता २०२३. मार्चमध्ये इम्फाळ, जूनमध्ये भुवनेश्वर, मग बंगळूरुला सॅफ अजिंक्यपद. अकरा सामने, सगळे घरी, एकही पराभव नाही, तीनही करंडक आपले. सॅफ ही अधिकृत स्पर्धा होती हे खरे. पण भुवनेश्वरच्या निमंत्रितांत मंगोलिया आणि वानुआतू होते आणि वानुआतूला हरवायला छेत्रीच्या ८१व्या मिनिटाच्या गोलची वाट पाहावी लागली. जुलैमध्ये भारत क्रमवारीत ९९वा झाला. ‘शंभरच्या आत’ हे शब्द सगळीकडे झळकले.

त्या क्रमांकाचा फायदा झाला नाही असे नाही. विश्वचषक पात्रता फेरीच्या सोडतीत भारताला दुसऱ्या गटपात्रात जागा मिळाली, ती त्याच्याच जोरावर. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संघ बाहेर पडला आणि थायलंडमध्ये लेबनॉनकडून, मलेशियात यजमानांकडून हरला. मग डिसेंबरअखेरपर्यंत आयएसएल सुरू राहिली आणि स्पर्धेआधीच्या तयारीला दोन आठवडे उरले. जानेवारी २०२४ मध्ये कतारला ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामन्यांत एकही गोल नाही.

मग कठीण सामने खेळले की यश नक्की?

तसेही नाही. मार्च २०२१ मध्ये दुबईत भारताने अमिरातीकडून सहा गोल खाल्ले, चार दिवस आधी ओमानला १-१ रोखल्यानंतर. ओमानविरुद्ध प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांनी दहा खेळाडूंना पदार्पण करू दिले होते. ०-६ नंतर समाजमाध्यमांवर त्यांच्या राजीनाम्याची मागणी झाली. ही मागणी करणारे आपणच होतो. प्रत्येक पराभवावर चाहत्यांनी असा गदारोळ केला, तर महासंघाला वानुआतूला घरी बोलावणे सोयीचे वाटणारच. घरचा विजय, भरलेले मैदान, करंडकासोबत छायाचित्र, सगळे खूश. दोष फक्त महासंघाचा नाही.

चाहत्याने पाहायचे तरी काय?

पहिली गोष्ट, सामना कुठे आणि कोणाशी आहे. नंतर पहिला तासभर, कारण बदली खेळाडू आल्यावर दोन्ही संघ वेगळेच होतात. समोरच्यांनी चेंडूसाठी दबाव टाकला तेव्हा आपले मधल्या फळीतले खेळाडू चेंडू पुढे नेतात की गोलरक्षकाकडे परत देतात? छेत्री आता नाही, तर गोलची संधी निर्माण कोण करतो? शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतात का? २०१८ मध्ये सुझोऊला गोल झाला नाही, पण यातल्या काही प्रश्नांची उत्तरे त्या नव्वद मिनिटांत मिळत होती.

आणि सामना दिसला तर पाहिजे. ओमानविरुद्धचा सामना बंद दाराआड झाला, त्याला प्रशिक्षकांची कारणे असतील. पण परदेशातल्या मैत्रीपूर्ण सामन्यांचे प्रक्षेपण कुठे आहे, हे चाहत्याला अनेकदा आदल्या दिवशीपर्यंत शोधत बसावे लागते. अंधेरीत छेत्रीने हात जोडले आणि लोक आले. परदेशातला कठीण सामना महासंघाने आधी जाहीर केला, फोनवर नीट दाखवला, तर तोही लोक पाहतील, रात्री दीड वाजता असला तरी.