किनाऱ्यावरच्या विजेची खरखर

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे सरकले. देवगड, मालवण, वेंगुर्ल्यात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मुके झाले आणि कित्येक गावांनी पुढचे काही दिवस अंधारात काढले. अशा वेळी हॅम रेडिओचे नाव हटकून निघते. किल्लारीचा १९९३ चा भूकंप, भुजचा २००१ चा भूकंप, डिसेंबर २००४ ची त्सुनामी, या प्रत्येक वेळी परवानाधारक हौशी रेडिओचालकांनी निरोप पोचवले. त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्याच मोहिमेसाठी अंदमानात होते; पोर्ट ब्लेअरहून त्यांनी मुख्य भूमीशी संपर्क धरून ठेवला. हे काम अभिमान वाटावा असेच आहे. पण त्या अभिमानापोटी आपण एक गोष्ट गृहीत धरून बसलो आहोत, की संच असला, बॅटरी असली, अँटेना उभी असली म्हणजे समोरच्याचा आवाज ऐकू येणारच. किनाऱ्यावर हे गृहीतक वर्षागणिक कच्चे होत चालले आहे.

सिंधुदुर्गात याचे महत्त्व जास्त, कारण आपल्या पाठीशी सह्याद्री उभा आहे. हातातला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा छोटा संच मालवणहून देवबाग-तारकर्लीपर्यंत चालेल, उंचावर निरोप पुढे फेकणारा रिपीटर असेल तर आणखी लांब जाईल. पण रिपीटर बंद पडला की घाटापलीकडचे कोल्हापूर त्याच्या आवाक्याबाहेर जाते. तिथे कामाला येतो तो सात मेगाहर्ट्झचा, म्हणजे चाळीस मीटरचा पट्टा. माडाच्या आधाराने फार उंच न बांधलेली साधी तार पुरते. लहरी वर आयनांबरापर्यंत जातात आणि डोंगराच्या दोन्ही अंगांना खाली उतरतात. घाट आडवा येत नाही. मात्र विजेच्या उपकरणांची खरखर सर्वांत जास्त छळते तीही याच खालच्या पट्ट्यांना.

ही खरखर म्हणजे नुसता कानाला त्रास नव्हे. रेडिओवरच्या एस-मीटरचा काटा एक घर वर चढला की शक्ती साधारण चौपट झाली असे समजायचे. पट्टा रिकामा असताना जो काटा एस-४ वर असायचा तो आसपासच्या उपकरणांमुळे एस-७ वर स्थिरावला, तर तीन घरे वाढली. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ पट. पूर्वीइतकेच स्पष्ट ऐकू यायचे तर पलीकडच्या माणसाला पाच वॅटऐवजी ३२० वॅट लावावे लागतील. वादळात सापडलेल्या, गाडीच्या बॅटरीवर संच चालवणाऱ्या माणसाने ते कुठून आणायचे? तो बोलत राहील, त्याच्या संचात काही बिघाड नसेल, आणि आपल्याकडे फक्त खरखर असेल. धोका आहे तो इथे. बंद पडलेला संच कळतो तरी. खरखरीखाली दबलेली हाक आलीच होती, हे ऐकणाऱ्याला कधी कळतही नाही.

खरखर येते कुठून? एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, सीसीटीव्हीचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, सौर पॅनेलचा कंट्रोलर, या सगळ्यांच्या पोटात एकच युक्ती आहे. वीज सेकंदाला हजारो वेळा तोडायची-जोडायची आणि हवा तो दाब मिळवायचा. या तोडजोडीतून उठणारे तरंग अडवायला आत एक छोटी गाळणी लागते, दोन-चार कपॅसिटर आणि चोकची. स्वस्त मालात पहिली काट तिलाच लागते. मग घरभर फिरलेली वायरिंग त्या तरंगांची अँटेना बनते. २०१५ पासून उजाला योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीज नेण्याची योजना आली, आणि इकडे किनाऱ्यावर घराघरांतून न्याहारी-निवासाच्या खोल्या उभ्या राहिल्या, माळांनी उजळल्या. यातले काहीच वाईट नाही. वीज वाचली, चार पैसे आले. एलईडी दिव्यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, पण ती दिव्याच्या सुरक्षिततेसाठी. गिऱ्हाईक वॅट आणि वॉरंटी बघते. हा दिवा शेजारच्याचा रेडिओ बुजवील का, हे दुकानात कोणी विचारत नाही.

दुसरे कारण खास आपल्या किनाऱ्याचे आहे. खाऱ्या वाऱ्याने विजेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. रात्री दव पडले की तो थर ओला होऊन थोडी वीज झिरपू देतो, जागोजागी सुकतो आणि त्या सुक्या पट्ट्यांवर बारीक ठिणग्या नाचू लागतात. रेडिओवर ती जाडसर, एकसुरी गुणगुण ऐकू येते. ५० हर्ट्झच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा ठिणगी, म्हणून १०० हर्ट्झची. जोरदार पाऊस पडून मीठ धुऊन गेले की ती थांबते. म्हणून किनाऱ्याजवळची गुणगुण रेडिओवाल्याची वैयक्तिक कटकट मानू नये. ती वाहिनीच्या दुखण्याची आगाऊ सूचना असू शकते, आणि महावितरणने तिच्याकडे तशाच नजरेने पाहायला हवे.

शोध घेणे अवघड नाही. रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून घराचा मेन स्विच पाडावा. काटा उतरला तर चोर घरातच आहे; मग एकेक एमसीबी चढवत जावे. नाही उतरला तर घड्याळ पाहावे. सूर्य मावळताच थांबणारी खरखर सौर यंत्रणेची, दिवेलागणीला सुरू होणारी बहुधा रस्त्यावरच्या किंवा अंगणातल्या दिव्यांची. पुढचे काम साधा खिशातला मीडियम वेव्ह रेडिओ करतो. रत्नागिरीच्या ११४३ आणि पणजीच्या १२८७ किलोहर्ट्झच्या मधली एखादी मोकळी जागा लावावी आणि रेडिओ हळूहळू फिरवावा. खरखर सर्वांत मंदावते तेव्हा आतल्या फेराइट कांडीचे टोक उगमाकडे असते. दोन ठिकाणांहून अशा रेषा धरल्या की घर किंवा खांब सापडतो. खांबाला हात लावू नये, त्याला धक्का देऊन तर मुळीच पाहू नये. खांबाचा क्रमांक टिपून १९१२ वर तक्रार नोंदवावी. शेजाऱ्याच्या घरी मात्र तक्रार घेऊन जाण्यापेक्षा चांगला अडॅप्टर घेऊन जावे आणि त्याच्यादेखत बदलून फरक ऐकवावा. आपल्या गावांत हेच चालते.

हे सगळे केले, वायरीवर फेराइटची कडी चढवली, अँटेना घरापासून लांब माडांकडे नेली, तरी एकट्या हॅमला पुरे पडत नाही. तो एक उगम मिटवतो तोवर वाडीत नवे दहा आलेले असतात. शेवटी कंटाळून तो खालचे पट्टे सोडून देतो, आणि माझ्या मते खरे नुकसान तेच. वादळात ग्रिड गेले की खरखरही जाईल, असा युक्तिवाद होतो. ती बरीचशी जाईल, हे खरे. पण तोवर रोज ऐकायची सवय असलेला माणूस उरलेला नसेल. शिवाय ओरोसच्या जिल्हा नियंत्रण कक्षात किंवा एखाद्या रुग्णालयात संच बसवला, तर तिथे नेमके तेव्हाच जनरेटर, यूपीएस आणि इन्व्हर्टर जोरात चालू असणार. संचाची चाचणी शांत सकाळी घेऊन भागणार नाही. सगळी यंत्रणा चालू ठेवून, रात्री, दुबळे स्टेशन ऐकू येते का हे पाहायला हवे.

समुद्रावर तर या खरखरीची किंमत जिवाशी आहे. एलईडी दिव्यांच्या प्रकाशझोतातल्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. पारंपरिक मच्छीमारांचा तो लढा मासळीसाठी होता आणि रास्त होता. पण साध्या कामाचे एलईडी दिवे आज बहुतेक यांत्रिक नौकांवर आहेत, अनेकदा व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनाला खेटून. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने सावधगिरीची सूचना काढली, की अशा दिव्यांमुळे सागरी व्हीएचएफ आणि एआयएस, म्हणजे नौकांची ओळख सांगणारी यंत्रणा, दोन्ही बुजू शकतात. त्यात सांगितलेली तपासणी कोणत्याही तांडेलाला पाच मिनिटांत जमेल. सगळे दिवे बंद करा. चॅनल १६ सोडून एखाद्या शांत चॅनलवर या, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारे बटण, उघडून खरखर ऐका, मग ती जेमतेम थांबेल इतकाच स्क्वेल्च आवळा. आता एकेक दिवा लावा. ज्या दिव्यासरशी खरखर परत आली, तो बदला, किंवा अँटेनापासून लांब हलवा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होतात, इंजिने उघडली जातात. त्याच दिवसांत ही तपासणीही उरकून घ्या. आणि गावात कोणी हॅम असेल, तर त्याला बोलावून घ्या; तो आनंदाने येईल.